झोअँथिडांचे रंग आणि मत्स्यालयातील प्रकाशयोजना : एक विवेचन

सारांश : समुद्री मत्स्यालयात ठेवलेल्या झोअँथिड या प्रवाळसदृश प्राण्यांचा रंग दिव्यानुसार बदलतो, असे सर्रास सांगितले जाते. प्रस्तुत लेखात या विधानाचे पृथक्करण केले आहे. ‘रंग बदलतो’ या एकाच शब्दप्रयोगाखाली तीन निरनिराळ्या घटना एकत्र केल्या जातात. दिव्याच्या वर्णपटामुळे त्याच क्षणी दिसणारा बदल, सहजीवी शैवालांच्या प्रमाणात काही दिवसांत होणारा बदल आणि प्राण्याच्या स्वतःच्या रंगीत प्रथिनांच्या निर्मितीत आठवड्यांच्या अवधीत होणारा बदल, या त्या तीन घटना होत. त्यांतील भेद ध्यानात न घेतल्यास प्राण्याच्या आजाराचे लक्षणही सौंदर्य म्हणून वाचले जाते. समुद्रापासून दूर असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीतील महाविद्यालयांत हा भेद उपलब्ध साधनांनी कसा दाखविता येईल, याचाही येथे विचार केला आहे.

बीजसंज्ञा : झोअँथिड, सहजीवी शैवाल, अनुस्फुरण, रंगीत प्रथिने, वर्णपट, विरंजन.

प्रस्तावना

विदर्भातील बहुतेक महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागात काचेचे एक कपाट असते आणि त्यात आंतरगुही प्राण्यांचे नमुने ओळीने मांडलेले असतात. फॉर्मॅलिनमध्ये वर्षानुवर्षे राहून समुद्रफूल, समुद्रपंख आणि झोअँथिड या सर्वांना एकच मळकट पिवळसर वर्ण प्राप्त झालेला असतो. दुसऱ्या बाजूस विद्यार्थ्याच्या हातातील मोबाइलवर त्याच प्राण्यांची छायाचित्रे असतात : शेंदरी मुखबिंब, पोपटी संस्पर्शक, जांभळी किनार, आणि सारे जणू आतून पेटलेले. ‘सर, यांतले खरे कोणते?’ हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर मात्र वाटते तितके सोपे नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ नंतर पदवी व पदव्युत्तर वर्गांतून विच्छेदन जवळजवळ हद्दपार झाले. हा निर्णय योग्यच होता. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, प्रत्यक्ष प्राण्याची जागा बव्हंशी चित्रांनी घेतली. जो शिक्षक चित्र दाखवतो त्याने ते कोणत्या प्रकाशात टिपले आहे हे विचारले पाहिजे, ही गरज पूर्वीपेक्षा आज अधिक आहे. शिवाय एलईडी दिवे स्वस्त झाल्याने लहान शहरांतही समुद्री मत्स्यालय बसविण्याची हौस वाढू लागली आहे, आणि एखाद्या विभागालाही तसे वाटू शकते. अशा वेळी दिव्याने नेमके काय घडते याची स्पष्ट कल्पना असणे आवश्यक ठरते.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांना समुद्र परका आहे. येथील पाणी वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी या मार्गाने बंगालच्या उपसागरास मिळते एवढाच काय तो संबंध. (चंद्रपूर परिसरातील सिमेंट कारखाने ज्या चुनखडकावर चालतात तो एका प्राचीन समुद्राच्या तळाशी साचला, हे खरे, पण तो समुद्र प्रवाळांचा उदय होण्याच्या कितीतरी आधीचा, प्रोटेरोझोइक काळातील आहे.) तरीही प्रस्तुत विषयातील मुख्य तत्त्वे समजून घेण्यास समुद्राची अपरिहार्यता नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याचे कारण पुढे येईल.

झोअँथिड : परिचय

झोअँथिड हे निडारिया अर्थात आंतरगुही संघातील, षट्प्रवाळ उपवर्गातील प्राणी होत. समुद्रफुले आणि खडक घडविणारे खरे प्रवाळ हे त्यांचे जवळचे नातलग. खऱ्या प्रवाळाप्रमाणे चुन्याचा सांगाडा मात्र ते तयार करीत नाहीत. त्यांच्यापैकी पॅलिथोआ या प्रजातीतील प्राणी वाळूचे कण आपल्या देहभित्तीत सामावून घेतात. झोअँथस प्रजातीत तेही नसते. साधारण एक सेंटिमीटर रुंदीचे मुखबिंब, त्याभोवती संस्पर्शकांची दुहेरी झालर आणि तळाशी सर्वांना जोडणारे मांसल ऊतक, अशी त्यांची रचना असते. नावाचा ग्रीक अर्थ ‘प्राणी-पुष्प’ असा आहे आणि वसाहत पूर्ण उमललेली असताना तो सार्थ वाटतो.

महाराष्ट्रात हे प्राणी दुर्मीळ नाहीत. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर, तसेच दक्षिण कोकणात मालवणच्या परिसरात, ओहोटीच्या वेळी त्यांचे हिरवट-तपकिरी गालिचे उघडे पडतात. मोबाइलवरील झगमगाट पाहून गेलेल्या विद्यार्थ्याची तेथे थोडी निराशाच होते. प्राणी तोच, मग रंग कोठे गेला? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी प्रथम रंगाचे उगम पाहिले पाहिजेत.

रंगाचे दोन उगम

झोअँथिडाचा मूळ तपकिरी रंग त्याचा स्वतःचा नसतो. त्याच्या आतील पेशीस्तरात सूक्ष्म एकपेशीय शैवाले लाखोंच्या संख्येने राहतात. त्यांना सामान्यतः झूझँथेली म्हणतात. २०१८ साली त्यांच्या वर्गीकरणाची पुनर्रचना होऊन पूर्वी एकाच सिम्बियोडिनियम प्रजातीत गणली जाणारी ही शैवाले अनेक प्रजातींत विभागली गेली. या शैवालांत हरितद्रव्य ‘अ’ व ‘क’ यांच्या जोडीला पेरिडिनिन नावाचे रंगद्रव्य असते आणि त्यामुळे शैवालाचा रंग हिरवा न राहता सोनेरी-तपकिरी होतो. शैवाल प्रकाशसंश्लेषण करून तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा प्राण्यास देते. प्राणी त्याला आसरा, कार्बन डाय-ऑक्साइड आणि नायट्रोजनयुक्त टाकाऊ पदार्थ पुरवितो.

दुसरा उगम प्राण्याचा स्वतःचा आहे, आणि त्याचा इतिहास मोठा वेधक आहे. ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ साली एका प्रकाशमान जेलीफिशमधून हिरवे अनुस्फुरण दाखविणारे प्रथिन वेगळे केल्याची नोंद केली. १९९२ मध्ये डग्लस प्रॅशर यांनी त्याचे जनुक विलग केले, १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी ते अन्य सजीवांत घालून चमकवून दाखविले, आणि पुढे शिमोमुरा, चाल्फी व रॉजर त्सियेन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा भाग आता पाठ्यपुस्तकांत आलेला आहे. त्यातील एक दुवा मात्र सहसा सांगितला जात नाही. १९९९ पर्यंत अशी समजूत होती की, असे प्रथिन स्वतः प्रकाश निर्माण करणाऱ्या प्राण्यांतच असणार. त्या वर्षी मिखाईल माट्झ व त्यांच्या रशियन सहकाऱ्यांनी ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात स्वतः अजिबात न उजळणाऱ्या प्रवाळवर्गीय प्राण्यांतून त्याच कुळातील प्रथिने शोधल्याचे प्रसिद्ध केले. त्यांतील दोन प्रथिने झोअँथसमधील होती : एक ५०६ नॅनोमीटरला सर्वाधिक उत्सर्जन करणारे हिरवे आणि दुसरे ५३८ नॅनोमीटरचे पिवळे. पेशीविज्ञानाला आज जे रंगीत प्रथिनांचे भांडार उपलब्ध आहे, त्याच्या पायाशी हा हौशी मंडळींच्या टाकीत वाढणारा प्राणी आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या सर्व प्रथिनांची घडण एकसारखी असते. अमिनो आम्लांची साखळी एखाद्या पिंपासारखी वळलेली असते आणि पिंपाच्या मध्यभागी तीन अमिनो आम्लांच्या आपापसांतील अभिक्रियेतून रंगकेंद्र तयार होते. त्याच्या आसपास थोडा फेरफार झाला तरी हिरव्याचा पिवळा किंवा नारिंगी होतो. या कुळातील काही प्रथिने प्रकाश शोषतात पण परत देत नाहीत. ती साध्या रंगाप्रमाणे, म्हणजे परावर्तनानेच दिसतात.

अनुस्फुरण म्हणजे काय : बिजाचे पाणी

कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषून अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकणे, या क्रियेस अनुस्फुरण म्हणतात. फ्लुओरेसन्स हा तिचा सर्वपरिचित पर्याय. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये या घटनेचे सूत्रबद्ध विवेचन केले. शोषण थांबले की उत्सर्जनही तत्काळ थांबते; काजव्यासारखा स्वयंप्रकाश येथे नसतो. विद्यार्थी या दोहोंत हटकून गल्लत करतात.

ही घटना दाखविण्यासाठी आपल्याकडे समुद्राची गरज नाही, असे वर म्हटले ते यासाठी. आलापल्ली, भामरागडच्या जंगलात सागाच्या सोबतीला बिजा वाढतो. त्याच्या लाकडाचे पेले मधुमेहींसाठी विकले जातात. बिजाच्या गाभ्याच्या ढलप्या रात्रभर पाण्यात ठेवल्या की पाणी पिवळसर-तपकिरी होते. तेच पाणी काचेच्या ग्लासात घेऊन, मागे काळा कागद धरून, उन्हात बाजूने पाहिले असता त्यावर निळसर झाक दिसते. आरपार पाहिल्यास पिवळे, बाजूने पाहिल्यास निळे! एका द्रवाचे हे दोन रंग म्हणजे शोषण आणि उत्सर्जन यांचा भेद होय. दुसरा प्रयोग याहून सोपा आहे. पळसाचे वा कोणतेही हिरवे पान स्पिरिटमध्ये खलून गाळून घ्यावे आणि अंधारात त्यावर निळी विजेरी धरावी. हिरवा अर्क तांबडा दिसू लागतो. हरितद्रव्याचे हे अनुस्फुरण झोअँथिडातील शैवालांतही घडते. अतिनील विजेरीखाली विंचू हिरवा-निळा दिसतो, हे तर आपल्या भागातील शिक्षकांना सांगावयास नको.

पहिली घटना : त्याच क्षणी घडणारा बदल

समुद्री मत्स्यालयाच्या दिव्यांचा इतिहास स्थूलमानाने निळेपणाकडे सरकण्याचा आहे. प्रारंभी मेटल हॅलाइड दिवे व ट्यूब वापरल्या जात. त्यांवर ६५००, १०,०००, १४,०००, २०,००० केल्विन असे आकडे असत. आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळा. पुढे निळ्या एलईडीचे युग आले. त्या शोधासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आज प्रवाळांसाठी विकल्या जाणाऱ्या दिव्यांत ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा गडद निळा प्रकाश प्रमुख असतो. याला निसर्गातील आधारही आहे. समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते आणि स्वच्छ पाण्यात खोलवर पोहोचतो तो मुख्यतः निळाच.

आता या दिव्याखाली शेंदराचा ठिपका ठेवला तर तो काळपट दिसेल, कारण परावर्तित करण्यासाठी तेथे शेंदरी प्रकाशच नाही. नारिंगी अनुस्फुरण करणारा झोअँथिड मात्र निळा प्रकाश गिळून नारिंगी प्रकाश बाहेर टाकतो. भोवतालचे सर्व काही निळे-काळे आणि मध्ये तो एकटाच पेटलेला, अशी ही विरोधाची किमया आहे. पांढऱ्या प्रकाशातही तो तितकाच नारिंगी प्रकाश देत असू शकतो. पण तेथे त्याच्या शेजारच्या प्रत्येक वस्तूवरून सर्व तरंगलांब्यांचा प्रकाश परावर्तित होत असल्याने तो बुडून जातो. दिवसा चांदण्या असतातच, दिसत नाहीत, तसे काहीसे.

यात मोबाइल कॅमेऱ्याची भर पडते. निळ्या प्रकाशात कॅमेरा आपणहून वर्णसंतुलन साधू पाहतो आणि नारिंगी-तांबडे रंग वाढवून दाखवितो. अनेक जण भिंगापुढे पिवळी गाळणी धरतात. तीमुळे परावर्तित निळा प्रकाश अडतो आणि केवळ अनुस्फुरण उरते. अशा छायाचित्रात खोटे काही नसते, पण ते डोळ्यांना दिसणाऱ्या प्राण्याचे चित्र नसते. विक्रेते याच रंगांवरून निरनिराळी आकर्षक नावे देऊन एकेका मुखागणिक किंमत आकारतात. शास्त्रज्ञांचीही कधीकाळी रंगाने फसगत झाली होती. जपानमध्ये मुखबिंबाचा रंग वगैरे लक्षणांवरून झोअँथसच्या चार स्वतंत्र जाती मानल्या जात. २००४ साली जेम्स रीमर व सहकाऱ्यांनी त्यांच्या डीएनएची तुलना केली तेव्हा त्या सर्व झोअँथस सान्सिबॅरिकस या एकाच जातीच्या ठरल्या.

याचा अर्थ रंगभेद काल्पनिक आहेत असा नव्हे. एकाच दिव्याखाली, एकाच दगडावर शेजारी वाढणाऱ्या दोन वसाहती एक हिरवी आणि एक नारिंगी राहतात. तो भेद आनुवंशिक असतो. ज्या प्रथिनाचे जनुकच प्राण्याजवळ नाही, ते कोणताही दिवा त्याला देऊ शकत नाही. ‘अमुक दिवा लावला की झोअँथिड नारिंगी होतात’ या जाहिरातवजा विधानाची मर्यादा येथे आहे.

दुसरी घटना : शैवालांचा हिशेब

दिवा मंद असेल तर शैवाल काय करते? जंगलातील सावलीचे पान जे करते तेच. प्रकाश कमी पडला की पेशीतील हरितद्रव्याचे प्रमाण वाढविले जाते, अनेकदा शैवालांची संख्याही वाढते, आणि काही दिवस ते काही आठवडे या काळात वसाहत गडद तपकिरी होते. प्राण्याचे स्वतःचे रंग त्याआड झाकले जातात. झोअँथिडांत याबरोबर आणखी एक खूण दिसते : अपुऱ्या प्रकाशात त्यांचे देठ लांबतात, जणू ते प्रकाशाकडे मान उंचावतात. उलटपक्षी प्रकाश वाढविला की शैवालांतील रंगद्रव्य कमी होते, तपकिरी पडदा विरळ होतो आणि हिरवा-नारिंगी रंग उघडा पडतो. हौशी मत्स्यपालक यालाच ‘रंग आला’ असे म्हणतात. प्रत्यक्षात येथे काही आलेले नाही, काहीतरी गेलेले आहे.

आणि याच ठिकाणी खरा धोका आहे. शैवाल थोडे कमी होणे हे समायोजन. ते फार कमी होणे म्हणजे विरंजन. दोहोंमध्ये रेषा ओढलेली नसते. प्रकाश अति झाला, त्यातच पाण्याचे तापमान वाढले, तर शैवालाच्या प्रकाशसंश्लेषण यंत्रणेस इजा होते, तीव्र क्रियाशील ऑक्सिजन निर्माण होतो आणि शैवाले नष्ट होतात अथवा बाहेर टाकली जातात. प्राण्याचा मुख्य अन्नपुरवठाच बंद पडतो. पण निळ्या दिव्याखाली पाहणाऱ्यास या अवस्थेत प्राणी आधीपेक्षा अधिक तेजस्वी दिसू शकतो.

चंद्रपुरात तर हा प्रश्न दिव्यापेक्षा उन्हाळ्याचा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. झोअँथिडांना साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. मेटल हॅलाइडसारखा दिवा पाणी आणखी तापवितो. पंखा लावून पाणी थंड ठेवावे तर बाष्पीभवन वाढते, क्षार मागे राहतात आणि खारेपणा चढत जातो. रोज शुद्ध गोडे पाणी घालून तो जागेवर आणावा लागतो. उन्हाळी सुट्टीत विभाग बंद आणि वीजपुरवठा खंडित, अशा स्थितीत टाकीचे काय होईल याचा विचार दिव्याच्या खरेदीआधी झाला पाहिजे. प्रस्तुत लेखकाच्या मते शीतकयंत्राची व देखरेखीची तरतूद नसेल तर महाविद्यालयाने समुद्री टाकी बसवू नये. बिजाचे पाणी आणि पळसाचे पान पुष्कळ काही शिकवितात, आणि मरत नाहीत.

तिसरी घटना : प्राण्याचा स्वतःचा प्रतिसाद

प्रकाश बदलल्यावर प्राणी आपली रंगीत प्रथिने कमी-अधिक करतो काय? खऱ्या प्रवाळांपुरते याचे उत्तर होकारार्थी आहे. सेसिलिया डी’अँजेलो, यॉर्ग विडेनमान व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखविले की, अ‍ॅक्रोपोरासारख्या प्रवाळांत या प्रथिनांची निर्मिती प्रकाशाच्या, त्यातही विशेषतः निळ्या प्रकाशाच्या तीव्रतेनुसार वाढते आणि हे नियंत्रण जनुकाच्या पातळीवर होते. सर्व प्रथिने मात्र सारखी वागत नाहीत. काहींना अल्प प्रकाश पुरतो, काहींना तीव्र प्रकाशाचीच आवश्यकता असते. ही प्रथिने ऊतकात दीर्घकाळ टिकतात, त्यामुळे त्यांच्यातील चढउतार दिसण्यास आठवडे लागतात. दिवा बदलून दुसऱ्याच दिवशी ‘फरक पडला’ असे कोणी म्हणत असेल, तर तो फरक पहिल्या प्रकारचा आहे असे खुशाल समजावे.

ही प्रथिने कशासाठी असतात, यावर दीर्घकाळ वाद चालला आहे. २००० साली आन्या सालिह व सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये असे प्रतिपादन केले की, उथळ पाण्यात ती शैवालांवर सावली धरतात, अतिरिक्त प्रकाश शोषून वा विखरून ती शैवालांचे रक्षण करतात. आपल्या जंगलात कुसुमाची कोवळी पालवी लालभडक असते. तिच्यातील लाल रंगद्रव्य अपरिपक्व पानाला उन्हापासून वाचविते, असे एक प्रमुख स्पष्टीकरण दिले जाते. दोन अत्यंत दूरच्या सजीवांनी एकाच अडचणीवर काढलेले हे सारखे उपाय विद्यार्थ्यांपुढे एकत्र ठेवण्याजोगे आहेत. खोल पाण्यातील प्रवाळांतही ही प्रथिने असतात, तेथे सावलीची गरज काय? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याचे उत्तर सुचविले. निळा प्रकाश ऊतकाच्या वरच्या थरातच शोषला जातो. त्याचे नारिंगी-तांबड्यात रूपांतर झाले तर तो अधिक आतपर्यंत पोहोचतो आणि तेथील शैवालांना उपयोगी पडतो.

याच संशोधकगटाचे २०२० मधील ‘करंट बायोलॉजी’तील निष्कर्ष आपल्या विषयाशी थेट निगडित आहेत. सौम्य विरंजनात काही प्रवाळ पांढरे न पडता निऑन दिव्यासारखे गुलाबी, जांभळे, पिवळे होतात. कारण असे : शैवाल कमी झाल्याने ऊतकातील निळा प्रकाश वाढतो, पांढऱ्या सांगाड्यावरून परावर्तित होऊन तो आणखी वाढतो, आणि त्यामुळे प्रथिनांची निर्मिती वेग घेते. प्राण्याने उभारलेली ती छत्रीच होय. तिच्या आडोशाने शैवाले परतू शकतात. डोळे दिपविणारा रंग हे येथे संकटाचे चिन्ह आहे. झोअँथिडांना चुन्याचा सांगाडाच नाही. त्यामुळे या साखळीतील परावर्तनाचा दुवा त्यांच्यात तितका प्रभावी नसणार, असे अनुमान करता येते. वरील प्रयोग खऱ्या प्रवाळांवरचे आहेत, ते झोअँथिडांना जसेच्या तसे लावणे घाईचे ठरेल.

मोजमापाचा प्रश्न

तिन्ही घटना वेगळ्या करावयाच्या तर प्रकाश मोजावा लागतो, आणि येथे भौतिकशास्त्र विभागाचे साहाय्य घेतले पाहिजे. प्रयोगशाळेतील लक्समापक या कामी फसवा ठरतो. लक्स हे एकक मानवी डोळ्याच्या संवेदनक्षमतेवर आधारलेले आहे. ती ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या-पिवळ्या प्रकाशास सर्वाधिक असते आणि ४५० नॅनोमीटरला फारच थोडी. म्हणजे प्रवाळांच्या निळ्या दिव्याखाली लक्समापक अगदी किरकोळ आकडा दाखवील आणि त्याच वेळी शैवालांवर भरपूर प्रकाशकणांचा मारा होत असेल. वॅट हा तर केवळ विजेचा हिशेब. योग्य माप म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील प्रकाशकणांची, दर सेकंदाला दर चौरस मीटरवर पडणारी संख्या. ती मायक्रोमोलमध्ये सांगतात. भर दुपारचे ऊन सुमारे २००० मायक्रोमोल असते. झोअँथिड पाळणारे सामान्यतः ५० ते १५० मायक्रोमोलच्या आसपास प्रकाश ठेवतात, आणि नवीन वसाहतीस प्रथम कमी प्रकाशात ठेवून तो हळूहळू वाढवितात.

रंगाची नोंद घेण्याची पद्धतही ठरवावी लागेल. प्रत्येक वेळी तोच पांढरा दिवा, तेच अंतर, कॅमेऱ्याचे वर्णसंतुलन स्थिर आणि चौकटीत एक पांढरा कागद, एवढी पथ्ये पाळली तर आठवड्याआठवड्याची छायाचित्रे तुलनेस योग्य होतात. निळ्या प्रकाशातील छायाचित्र वेगळे घ्यावे. पांढऱ्या प्रकाशात वसाहत फिकट होत असून निळ्या प्रकाशात उजळ होत असेल, आणि मुखे दिवसाही मिटलेली राहत असतील, तर प्रकाश कमी करावा व तापमापक पाहावा.

एक सावधगिरीची सूचना येथे अस्थानी ठरू नये. पॅलिथोआ व तिच्याशी संबंधित काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. हवाई बेटांतील पॅलिथोआपासून ते वेगळे केल्याची नोंद १९७१ मध्ये रिचर्ड मूर व पॉल शॉयर यांनी केली. पेशीपटलातील सोडियम-पोटॅशियम पंपाला ते उघड्या छिद्राचे रूप देते. वसाहत चिकटलेला दगड उकळल्याने किंवा घासल्याने वाफेतून, तुषारांतून विषबाधा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत. हातमोजे व संरक्षक चष्मा यांवाचून विद्यार्थ्यांना या प्राण्यांना हात लावू देऊ नये, दगड कधीही उकळू नये.

मालवणच्या किनाऱ्यावर

आता मुंबई-मालवणच्या हिरवट-तपकिरी गालिच्यांकडे वळता येईल. तेथील झोअँथिड ओहोटीत थेट उन्हात आणि भरतीत गढूळ पाण्याखाली असतात. वर पडणारा प्रकाश पांढरा, सर्व तरंगलांब्यांचा. शैवालांचा तपकिरी रंग त्या प्रकाशात सर्वांत आधी डोळ्यांत भरतो. अनुस्फुरण असले तरी ते उन्हात लोपते. विद्यार्थ्याची निराशा होते ती प्राण्याचा रंग गेल्यामुळे नव्हे, दिवा गेल्यामुळे.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. तेथील प्रवाळांच्या विरंजनाची नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१५ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केली. जगभरातील प्रवाळांचे चौथे व्यापक विरंजन सुरू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले. या पार्श्वभूमीवर किनाऱ्यावरील रंगाची साधी, पण प्रकाशाच्या उल्लेखासह केलेली नोंद मौल्यवान ठरते. आपल्या महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहली कोकणात जातातच. सहलीचा दिवस अमावास्येच्या वा पौर्णिमेच्या आसपास ठेवला तर ओहोटी मोठी मिळते. नोंदवहीत वेळ, ढगाळ की ऊन, पाण्याचे तापमान, वसाहत उघडी की पाण्याखाली आणि मुखे उमललेली की मिटलेली, हे रकाने असावेत. रंगाचा रकाना त्यांनंतर यावा. ओहोटी सूर्यास्तानंतर असेल व स्थानिक माहितगार सोबत असेल, तर निळी विजेरी आणि डोळ्यांपुढे पिवळा जिलेटिन कागद घेऊन तीच वसाहत पुन्हा पाहावी. तीत अनुस्फुरक प्रथिन असेल तर दुपारी तपकिरी म्हणून नोंदविलेली ती वसाहत हिरवी पेटलेली दिसेल. वसाहत उपटून आणू नये. अभयारण्यात तर तो गुन्हाच आहे. कपाटातील बरणीवर मात्र परत आल्यावर एक नवी चिठ्ठी लावता येईल, तीत ‘रंग’ या शब्दापुढे दोन ओळी असतील : सूर्यप्रकाशात अमुक, निळ्या प्रकाशात अमुक.